तीन नंबर मी नेला आहे, बाबा

ती. बाबा आणि आई यांस,
सा. नमस्कार.

बाबा, गोल्फच्या बॅगेत तीन नंबरचा वूड, तुमचा तो लांब फटक्यांचा क्लब, शोधत बसू नका. तो मी पुण्याला आणला आहे. त्याच्या जागी पाच आणि सात नंबर ठेवलेत, नव्या कव्हरात. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, आणि पुढचे दोन दिवस तुमचा अबोला तिने सोसला असता. म्हणून पत्र. आई, तूही वाच, निम्मं तुझ्यासाठीच आहे.

विकलेला नाही, कुणाला दिलेलाही नाही. आपल्याच चादरीत गुंडाळून कपाटात उभा केलाय. देवळालीपासूनचा आहे, मला माहीत आहे. आणि वय झालं म्हणून काढून घेतला असं तर मनातही आणू नका. हा निव्वळ लॉफ्टचा हिशोब आहे. आई, लॉफ्ट म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा. तीन नंबरचा लॉफ्ट साधारण १५ अंश. टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, बॉल ठेवून मारायला तो झकास. पण जमिनीवर टेकलेला बॉल एवढ्याशा लॉफ्टने वर चढायला क्लबला भरपूर वेग लागतो. वेग थोडा कमी पडला की बॉल खाली खालीच जातो आणि लवकर टेकतो. पाच नंबरला १८-१९ अंश असतात, सातला २१-२२. त्याच वेगात बॉल उंच जातो, हवेत जास्त वेळ राहतो, आणि बहुतेक वेळा तीन नंबरइतकाच किंवा थोडा पुढेच पडतो. शिवाय दर नंबरमागे शाफ्ट, म्हणजे दांडी, साधारण अर्धा इंच आखूड होतो, त्यामुळे बॉल क्लबच्या मधोमध लागायला सोपं जातं. दोन्हींचे शाफ्ट ग्रॅफाइटचे घेतलेत, सीनियर फ्लेक्सचे, म्हणजे जास्त लवणारे. ‘सीनियर’ त्या शाफ्टवर छापलेलं आहे, मी म्हणत नाही.

सात नंबर बायकांचा असतो असं तुम्ही म्हणणारच, हे मी धरूनच चालले आहे. २०२० मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकताना डस्टिन जॉन्सनच्या बॅगेत सात नंबर होता. आणि तुम्ही ज्याचं उदाहरण उठसूट देता तो जीन सॅराझेन, १९३५ च्या मास्टर्समध्ये पंधराव्या होलवर २३५ यार्डांवरून बॉल थेट होलमध्ये घातला तो, त्याच्या हातातही तीन नंबर नव्हता. चार नंबर होता.

आता खरं कारण. मणक्याचा रिपोर्ट आला तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे. तुमचा बॉल ज्या कारणाने टॉप होतो, म्हणजे वरच्या बाजूला फटका बसून सरपटतो, त्याच कारणाने तुमची कंबर धरते. लॉफ्ट कमी म्हणून तुम्ही बॉलला खालून उचलायला जाता. उचलायला गेलं की वजन उजव्या पायावर राहतं, छाती आभाळाकडे जाते, कंबर मागे कमानीसारखी वाकते. क्लब सगळ्यात खाली बॉलच्या मागेच येऊन जातो आणि बॉलपाशी पोचेपर्यंत वर निघालेला असतो. बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे त्याचं पोट जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटरवर. क्लबची खालची कड त्याच्या वर गेली की बॉल टॉप झाला, सरपटत गेला. आपण उभे राहतो तसे दोन सेंटिमीटर उठलो तरी खेळ खलास. आणि तेवढं उठायचं म्हणून सगळा भार त्या दोन मणक्यांवर.

बॉल उचलायचं काम लॉफ्टचं आहे, बाबा, तुमचं नाही. ड्रायव्हर, म्हणजे एक नंबरचा वूड, वर जाताना लागतो कारण खाली टी असते. फेअरवेवरचा, म्हणजे कापलेल्या गवतावरचा, वूड किंचित खाली येतानाच लागला पाहिजे. आयर्नसारखी, म्हणजे पातळ लोखंडी तोंडाच्या क्लबसारखी, माती उडवायची नाही, पण बॉलच्या जागेवर आणि तिच्या थोडं पुढे गवत घासलं गेलं पाहिजे. घासलेली जागा बॉलच्या मागे दिसली तर वजन मागे राहिलं असं समजा.

उभं राहण्याचं सांगते, कंटाळू नका. पाय खांद्यांएवढे. पाच नंबरला बॉल डाव्या टाचेच्या आत, दोन बॉलच्या जाडीइतका. सातला आणखी एक बॉल आत. तुम्ही ड्रायव्हरच्या सवयीने तो थेट टाचेसमोर ठेवता, मग क्लब तिथे पोचतो तेव्हा वर निघालेला असतो. क्लबचा तळ जमिनीवर सपाट टेकू द्या, टोक उचललेलं नको. हात बॉलच्या किंचित पुढे, शाफ्ट जवळजवळ उभा. ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यात एक पंजा मावेल एवढी जागा. वजन दोन्ही पायांवर सारखं, वाटलं तर डाव्यावर कणभर जास्त. उजव्या पायाचा चवडा थोडा बाहेर वळवा आणि मागे जाताना डावी टाच खुशाल उचलू द्या. जॅक निकलॉस आयुष्यभर टाच उचलून खेळला. टाच उचलली की नितंब वळतात आणि कंबरेला पिळा कमी बसतो. क्लब मागे नेताना पहिला फूटभर जमिनीलगत, सावकाश. पाऊण स्विंग पुरे. खाली येताना आधी डावी टाच टेकवा, वजन डाव्या पायावर घ्या, मग हात सोडा. शेवटी सरळ, ताठ उभं राहा, पोट सरावाच्या जाळीकडे, आणि दोन सेकंद तिथेच थांबा. दोन सेकंद तोल राहत नसेल तर जोर जास्त लागला.

सोलापुरात होटगी रोडच्या प्लॉटवर तुमची खरी अडचण मॅट आहे. मॅटवर क्लब दोन-तीन इंच मागे आपटला तरी रबरावरून घसरतो आणि बॉलला गाठतो. आवाज छान येतो, बॉल जाळीत जातो, आपण खूश. तोच फटका गवतावर मारला तर क्लब मातीत अडतो आणि बॉल वीस पावलं जातो. जाळीमुळे बॉल पुढे कुठे पडला असता तेही दिसत नाही. म्हणजे चूक लपायला दोन दोन जागा.

त्यासाठी आईची रांगोळी लागणार आहे. बाबा, ती तुम्ही ओढायची, आईने नाही. तिच्या गुडघ्यांना खाली बसणं बंद आहे हे तुम्हीच मला फोनवर सांगितलं होतं. मॅटच्या बाजूला मोकळ्या जमिनीवर, बॉल जिथे ठेवला असता तिथून आडवा, चार बोटं रुंद पट्टा ओढा. बॉल न ठेवता अर्धा स्विंग करा, तळ नुसता घासून जाईल इतका. मग वाकून बघा. पट्टा जाळीकडच्या बाजूने पुसला गेला असेल तर बरोबर. मागच्या बाजूने पुसला असेल तर वजन उजवीकडे राहिलं. अजिबातच पुसला नसेल तर तुम्ही उठलात. उन्हाळ्यात आपली काळी जमीन दगड होते, तिच्यावर जोरात मारू नका, मनगटाला झटका बसतो आणि तळ उसळून बॉलच्या पोटावर येतो. आणि पाणी मारून मऊ करायला जाऊ नका. काळी माती ओली झाली की क्लबला चिकटते, त्यातून काही कळत नाही, आणि आपल्याकडे पाणी कधी येतं ते मी सांगायला नको.

त्यापेक्षा एक छोटा तुकडा हरळीचा करा, चार बाय सहा फुटांचा. आई, तू गणपतीला वाहतेस त्याच दूर्वा. आपल्याकडच्या बऱ्याच कोर्सवर फेअरवेला ह्याच जातीचं गवत असतं. वरच्या दोन-तीन इंचांत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून घ्या, पावसाच्या सुरुवातीला मुळासकट काड्या लावा. पुढे पाऊस नसेल तेव्हा भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी पुरेल. कापायची दीड सेंटिमीटरवर, त्याहून खाली नको, नाहीतर उन्हात जळेल. गडी लावा. विळा घेऊन स्वतः बसलात तर मला कळेलच.

तुकडा तयार झाला की टी जमिनीत जवळजवळ पूर्ण खोचा, डोकं जेमतेम दिसेल इतकी, आणि बॉलशिवाय फक्त ती टी खुडून काढा. जमली की तेवढ्याच टीवर बॉल ठेवा. मग टी नाही, नुसतं गवत. ह्या क्रमाने गेलात तर बॉल जमिनीवर आहे ही धास्ती आपोआप जाते. बॉल टॉप होण्याचं निम्मं कारण धास्तीच आहे. बॉलच्या मागे वीतभर अंतरावर घडी घातलेला नॅपकिन ठेवूनही बघा. क्लब त्याला लागला तर तुम्ही मागे आपटताय.

आणि पावडर. क्लबच्या तोंडावर आंघोळीनंतरच्या पावडरीचा पातळ हात फिरवा. बॉलचा गोल ठसा उमटतो. ठसा अगदी खाली असेल तर अजून उचलताय. टोकाकडे असेल तर बॉलपासून लांब उभे आहात, क्लबच्या टाचेकडे, म्हणजे दांडीच्या बाजूला, असेल तर फार जवळ. आईला फोटो काढून पाठवायला सांगा, मी बघते.

आई, तुला गोल्फमधलं काही कळत नाही असं तू म्हणतेस, पण एक गोष्ट तुझ्याइतकी नीट कुणी बघणार नाही. जाळीच्या उलट बाजूला, बाबांपासून पंधरा फूट लांब, खुर्ची टाकून बस. समोर किंवा जाळीच्या बाजूला अजिबात नाही. फटका झाल्यावर फक्त त्यांच्या उजव्या बुटाकडे बघ. तळवा पूर्ण तुझ्याकडे दिसला तर छान. टाच खालीच राहिली असेल तर ‘परत’ म्हण. ते चिडतील. तू चहा ओतत राहा.

पुण्यात खेळायला याल तेव्हा बॉल कुठे पडलाय ते आधी बघा, मग क्लब काढा. बॉल गवतावर उभा असेल तर पाच नंबर. उघड्या, टणक जागेवर असेल तर सात, ग्रिप इंचभर खाली धरून आणि बॉल थोडा मधे घेऊन. अर्धा गवतात रुतलेला असेल तर वूड नाहीच. गवत क्लबच्या मानेभोवती गुंडाळतं आणि तोंड फिरवतं, सात नंबरचा आयर्न काढा आणि बाहेर या. चढावर वूड चालतो, उतारावर नको.

बाकीचं मी सांगते ते न भांडता ऐका. मार्च ते जून सकाळी आठच्या आत घरी. उपाशीपोटी नाही, बीपीची गोळी विसरून तर नाहीच. आधी दहा मिनिटं चाला, खांदे फिरवा, मग क्लब हातात घ्या. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत मला ज्या खांद्यावर बसवायचात तो उजवा खांदा अजून आखडतो, तुम्ही लपवता पण शर्ट घालताना दिसतं. तीस बॉल, एक दिवसाआड. एकतिसावा नाही. पहिले दहा सात नंबरने, अर्ध्या स्विंगचे. बॅग खांद्याला लावायची नाही, ट्रॉली आहे. बॉल उचलताना गुडघ्यात वाका. पायात कळ गेली किंवा मुंग्या आल्या तर तिथेच थांबा, बॉल मोजत बसू नका, आणि डॉक्टरांना दाखवा, मला नंतर सांगितलंत तरी चालेल. नाही, चालणार नाही, मलाही त्याच दिवशी सांगा.

पुढच्या महिन्यात सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने या. खिडकीजवळच्या जागा बघते. इथे खालच्या मजल्यावरची खोली मोकळी केली आहे, गादी कडक घातली आहे, गीझर दुरुस्त झालाय. आई, शेंगाचटणी आण, पण कडक भाकऱ्यांचा गठ्ठा नको, ओझं तूच उचलतेस.

तुमची,
लेक

ता. क. नव्या ग्रिप घामाने गुळगुळीत होतात. पंधरा दिवसांतून एकदा कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. ग्रिप निसटते म्हणून तुम्ही आवळून धरता, आणि आवळलेल्या हातांनी क्लब मोकळा फिरत नाही. क्लब गाडीच्या डिकीत ठेवायचे नाहीत, सोलापूरच्या उन्हात ग्रिपखालचा गोंद सुटतो.