माळ्यावरच्या टेपला वायफायची जोड द्या

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गणपतीत चाकरमानी गावात आले की मोबाइलचे नेटवर्क मान टाकते, हे कोकणात कुणाला सांगायला नको. आरतीचा व्हिडिओ खालच्या वाडीत पाठवायचा तर तोही आधी कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरची वारी करून येणार. एका हाकेच्या अंतरासाठी इंटरनेट हवेच कशाला?

न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड डार्ट्स यांनी 2011 साली याला एक साधा तोडगा काढला होता. जेवणाच्या डब्यात छोटा राउटर, पेनड्राइव्ह आणि बॅटरी बसवली. नाव ठेवले ‘पायरेटबॉक्स’. आसपासच्या लोकांनी त्याच्या वायफायला जोडून घ्यायचे आणि आपापसांत फाइली द्यायच्या-घ्यायच्या. त्यावरूनच जेसन ग्रिफी या ग्रंथपालाने ‘लायब्ररीबॉक्स’ केला. त्यात फाइली फक्त उतरवून घेता येत. गावासाठी मला हाच बरा वाटतो. कुणीही काहीही टाकावे अशी मोकळीक दिली तर आठवडाभरात त्यात काय काय जमेल, ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आपण पाहतोच.

आता डब्याच्या जागी जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेटचा टेप, घ्या. मुंबईहून किंवा आखातातून आणलेला टेप आमच्याकडे पुष्कळ घरांत माळ्यावर धूळ खात पडलेला असतो. उघडून पाहिला तर बहुधा रबरी पट्ट्या वितळून डांबरासारख्या चिकट झालेल्या दिसतात, पण स्पीकर ठणठणीत असतात. जाडजूड सेलच्या कप्प्यात पॉवरबँक आरामात मावते आणि कॅसेटच्या खणात रास्पबेरी पायसारखा पत्त्याएवढा संगणक. मेमरी कार्ड धरून पाच-सहा हजारांचे काम. सगळ्यात छोट्या, ‘ड’ वर्गातल्या वाचनालयालाही वर्गणी काढून झेपेल. परवान्याचीही अडचण नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी सरकारने 2005 मध्येच परवानामुक्त केला आहे. हौसेने एफएम ट्रान्समीटर लावायला मात्र जाऊ नये, त्याला परवाना लागतो.

त्यात भरायचे काय? मराठी विकिपीडिया ‘किविक्स’ या अॅपमुळे इंटरनेटशिवाय वाचता येतो. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे साने गुरुजींचे साहित्य 2011 पासून सर्वांना खुले आहे. पण माझा खरा जीव गुंतला आहे तो डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या, कॅसेटमध्ये. रात्रभर दोन बुवा समोरासमोर बसलेले, आणि पहिल्या रांगेतल्या कुणीतरी टेप मांडीवर घेऊन लाल बटण दाबलेले. त्या ध्वनिमुद्रणात पखवाज आहे, झांज आहे, मध्येच कुणाचा तरी खोकला आहे, ‘वाह बुवा’ आहे, आणि नेमका गजर रंगात आला असताना कॅसेटची बाजू संपल्याची खटकही आहे. हे कोणत्याच कंपनीने बाजारात आणले नव्हते, म्हणून ते यूट्यूबवर सापडेलच असे नाही. आमच्या दमट हवेत टेपच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. अजून काही पावसाळे गेले की उरलेले आवाजही जातील.

वाचनालयांनी या कॅसेट मागवून, साफ करून संगणकावर उतरवाव्यात आणि बुवांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने त्याच टेपमधून वाटाव्यात. नवरात्रात तो देवळात नेऊन ठेवला तर सभामंडपापुरते वायफाय सहज पुरते, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते समोर बसून ऐकतील.

एक अडचण मात्र येणार. इंटरनेट नाही असे दिसले की हल्लीचे फोन आपसूक मोबाइल डेटावर उडी मारतात. ग्रंथपालांना पहिले काही दिवस तेवढे समजावत बसावे लागेल. दुसरे, विजेवर चालणाऱ्या टेपच्या आत 230 व्होल्ट येतात. तेव्हा शाळकरी पोरांच्या हाती स्क्रू ड्रायव्हर न देता तालुक्याच्या बाजारातल्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडूनच तो उघडून घ्यावा. त्यांनाही हल्ली फारसे काम नसते.

कळावे,
आपला एक वाचक,
ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग