शिकागोचं पाणी

भांडुप, मुंबई
१८ जून

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

तू ड्युटीवर होतीस त्या शनिवारी आम्ही दोघांनी काय काय पाहिलं ते आईने तुला तिखटमीठ लावून सांगितलंच आहे. ट्यूलिप, दुकानं, बीन नावाचं ते चकचकीत शिल्प आणि साडीवर स्वेटर, पायात बूट घालून काढलेले फोटो. मला विचारलंस तेव्हा मी "पाणी आवडलं" म्हणालो आणि तू हसलीस. सगळी नोकरी महापालिकेच्या जलखात्यात गेली, आता दुसरं काय दिसणार? पण त्या पाण्यावरून तुला एक काम सांगायचं आहे. ते फोनवर, आईच्या कानावर पडेल असं सांगता येत नव्हतं, म्हणून हे पत्र.

सकाळी ब्राऊन लाइनने निघालो तेव्हा तुझ्याकडे छान ऊन होतं. शिकागो स्टेशनला उतरून पूर्वेकडे चालायला लागलो तर वारा असा झोंबायला लागला की तू बॅगेत कोंबलेली जॅकेटं मुकाट्याने बाहेर काढली. जमीन मेमध्ये तापते, पण एवढ्या मोठ्या तलावाचं पाणी तापायला उन्हाळा अर्धा सरतो. तोवर काठावरच्या लोकांनी कुडकुडायचं.

मिशिगन अव्हेन्यूवर बड्या दुकानांच्या मधोमध पिवळट दगडाचा एक किल्ला आहे ना, वॉटर टॉवर? १८६९ सालचा. १८७१च्या आगीत आजूबाजूचं सगळं खाक झालं आणि तो उभा राहिला, म्हणून लोक त्याच्यापुढे फोटो काढतात. मला मात्र त्याच्या पोटात काय होतं यात रस. आत १३८ फूट उंच उभा पाइप होता. त्या काळचे पंप हिसके देत पाणी ढकलायचे, ते हिसके या पाइपात जिरायचे आणि पुढे लाइनमध्ये दाब एकसारखा राहायचा. एका पाइपावर पांघरूण घालायला यांनी बुरुज-कंगोरे असलेला किल्ला बांधला! आमच्या खात्यात असं एस्टिमेट कोणी वर पाठवलं असतं तर त्याची बदलीच झाली असती. रस्त्यापलीकडे पंपिंग स्टेशन आहे. आगीत त्याचं छप्पर जळालं, पंप बंद पडले, आणि शहर पेटलेलं असताना पाणीच बंद झालं. ते स्टेशन आजही चालू आहे. आई समोरच्या दुकानात शिरली तेवढ्यात मी त्याच्या भिंतीला तळहात लावून पंपाची थरथर लागते का पाहिलं. लागली नाही. एक पोलीस मात्र माझ्याकडे बघत होता.

नदीवरच्या पुलापाशी आलो तर घंटा वाजली, फाटक पडलं आणि अख्खा रस्ता मधोमध दुभंगून आकाशाकडे उभा राहिला. हिवाळाभर आतल्या यार्डात ठेवलेल्या शिडाच्या होड्या वसंतात तलावाकडे जातात, त्यांच्या उंच डोलकाठ्यांसाठी हा सगळा खटाटोप. एक पूल बंद झाला की पुढचा उघडायचा. एवढं धूड उचलायला मोटर तशी लहानच लागते, कारण मागच्या बाजूला वजन टांगून ते तोललेलं असतं. आम्ही खोळंबलो, पण कोणी हॉर्न वाजवला नाही. मला ते जरा विचित्रच वाटलं.

बीनपाशी आईने तासभर घालवला. तो घडवणारा शिल्पकार अनिश कपूर १९५४ साली मुंबईत जन्मला हे वाचल्यावर तर तिने आजूबाजूच्या दोन अनोळखी बायकांनाही ते सांगितलं, मराठी-इंग्रजीत मिळून. मग आर्ट इन्स्टिट्यूट. विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ला भाषण केलं ती हीच इमारत म्हणून ती पायरीला हात लावून पाया पडली. तिकिटाचा आकडा बघून आम्ही आत काही गेलो नाही.

दुपारी नेव्ही पिअरच्या अलीकडे वाळूचा छोटा किनारा आहे तिथे बसलो. लाटा होत्या, सीगल होते, पलीकडचा काठ नव्हता, आणि तरी काहीतरी चुकत होतं. मग लक्षात आलं, खारा वास नाही. मी खाली वाकून ओंजळ भरली, हुंगली आणि जिभेला लावली. बोटं बधिर झाली. आई ओरडली, "अहो, लोक बघतायत!" बघू देत. गोडं पाणी, नजर पोचेल तिथवर! आपले सातही तलाव, भातसा, तानसा, वैतरणा सगळे, काठोकाठ भरले तर साडेचौदा लाख दशलक्ष लिटर होतात, म्हणजे दीड घन किलोमीटरसुद्धा नाही. लेक मिशिगनमध्ये ४,९०० घन किलोमीटर आहे. आणि इथे आज पेपरात पहिल्या पानावर तलावांचा साठा तळाला गेल्याची चौकट आहे.

पण नुसतं पाणी असून भागत नाही. शहर घाण नदीत सोडायचं, नदी ती तलावात न्यायची आणि पिण्याचं पाणीही त्याच तलावातून. म्हणून १८६७ साली त्यांनी तलावाच्या तळाखालून तीनेक किलोमीटर लांब बोगदा काढून आतलं स्वच्छ पाणी आणलं. दोन्ही टोकांनी खणत आले आणि मधे भेटले! तेही पुरेना तेव्हा १९०० साली कालवा खोदून नदीच उलटी फिरवली. ती आता तलावाकडे येत नाही, तलावापासून दूर जाते. खालच्या गावांना काय वाटलं असेल ते सोड. शेजारची राज्यं कोर्टात गेली आणि आता इलिनॉयला तलावातून सेकंदाला ३,२०० घनफुटांपेक्षा जास्त पाणी उचलता येत नाही. दारात समुद्राएवढं पाणी आणि उचलायला मोजमाप, हे मला फार आवडलं. बसलो होतो तिथून उजव्या हाताला त्यांचा जार्डिन शुद्धीकरण प्रकल्प दिसत होता, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. आपल्या भांडुपच्या शुद्धीकरण कॉम्प्लेक्सच्या माणसाला आत सोडा म्हणावं असं फार वाटलं, पण कुंपण बघून गप्प बसलो.

आता काम. त्या रात्री तू झोपल्यावर मी कपडे आणायला तळघरात गेलो होतो. पाण्याचं मीटर तिथेच भिंतीलगत आहे. जमिनीतून वर येणारा पाइप करड्या रंगाचा आणि व्हॉल्व्हच्या खाली कांद्यासारखा फुगलेला दिसला. किल्लीने हलकेच खरवडला तर आतून पांढरा चकाकला. वर येऊन तुझ्या फ्रिजवरचं मॅग्नेट नेलं, ते चिकटेना. गौरी, तो शिशाचा पाइप आहे. तेव्हा बोललो नाही, कारण आईने विमानात बसायच्या आधी तुला घर बदलायला लावलं असतं.

घाबरू नकोस. शिकागोत असे सुमारे चार लाख पाइप आहेत, देशात सर्वांत जास्त. १९८६पर्यंत तिथल्या नियमानेच घराला शिशाची जोडणी घालायची होती, आणि तुझं ते दोन मजली घर त्याच्या किती आधीचं आहे. प्रकल्पात पाण्यात फॉस्फेट घालतात, त्याचा थर आतून धरतो आणि शिसं कमी सुटतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. एवढा बोगदा खणून, नदी फिरवून आणलेलं पाणी रस्त्यापासून तुझ्या ओट्यापर्यंतच्या शेवटच्या तुकड्यात बिघडायचं.

तर ३११ला, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या मदत क्रमांकावर फोन कर, त्या तपासणीचं किट फुकट देते. नमुना त्यांनी लिहून दिलंय तसाच घे. तोवर सकाळी गार पाण्याचा नळ पाचेक मिनिटं सोडून मगच प्यायचं भर, ते सोडलेलं कुंड्यांना घाल. चहाला, भाताला गरम नळाचं पाणी घेऊ नकोस, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. आणि आई सांगते म्हणून उकळत बसू नकोस. उकळून जंतू मरतात, शिसं तिथेच राहतं, उलट पाणी आटून जरा दाटच होतं. फिल्टर घेशील तो शिशासाठी प्रमाणित आहे असं खोक्यावर लिहिलेलं बघूनच घे, साधा फिल्टरवाला जग चालणार नाही. घरमालकाला ईमेल टाक, तोंडी बोलू नकोस. पाइप बदलणार का, कधी, एवढंच विचार.

रिपोर्टचा फोटो मला पाठव. आकडा पीपीबीमध्ये, म्हणजे अब्ज भागांत किती भाग शिसं असा असेल, तो बघून पुढचं ठरवू.

बाबा