हात धुण्याचे नाटक नळापाशी व्हावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबरच्या जागतिक हात धुवा दिनाचे फोटो आपल्या दैनिकात पाहिले. ओळीने उभी मुले, पुढे केलेले तळहात, मागे बॅनर. असाच एक फोटो दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेचाही निघाला होता. त्या दिवशी फोटोनंतर काय झाले, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, एकोणचाळीस मुले. त्या दिवशी शहरातून पथनाट्याचा चमू आला होता. मंडळी मनापासून काम करणारी होती. ढोलकीवर थाप पडली तशी मुले सरकत सरकत पुढे आली. जंतूचा मुखवटा घातलेला माणूस आत शिरला तेव्हा पहिलीतली दोघे रडायलाच लागली. पाऊण तासाने टाळ्या झाल्या, फोटो झाले आणि गाडी पुढच्या शाळेला गेली. लगेच खिचडीची सुट्टी झाली. मी दाराशी उभी राहून मोजत होते. नळावर चार मुले गेली. बाकीची ताटे घेऊन थेट रांगेत. नाटकातले गाणे मात्र सगळ्यांच्या तोंडी होते.

ही गोष्ट मला फार लागली. आमचा हा भाग गाडगेबाबांचा. दापुरेला मामाच्या घरी त्यांचे बालपण गेले, ते गाव आमच्याच तालुक्यातले. माझ्या आजीने त्यांचे कीर्तन ऐकलेले होते. ती सांगायची, बाबा आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात समोरच्या माणसाला प्रश्न विचारत सुटायचे. माणूस उत्तर द्यायचा, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा आणि आपण कुठे चुकतो ते ज्याचे त्यालाच कळायचे. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. त्यांच्या नावाने स्वच्छता अभियान चालते, पण त्यांची ही विचारण्याची रीत आम्ही शिक्षकांनी किती उचलली?

म्हणून आम्ही आमचे नाटक सुरू केले. पहिला प्रयोग हळदीचा. एका मुलीच्या तळहाताला तेलात कालवलेली हळद लावली आणि सगळ्यांना एकमेकांशी हात मिळवून ‘राम राम’ करायला सांगितले. पाच मिनिटांत हळद वह्यांवर, दाराच्या कडीवर, माठावरच्या ग्लासावर. तिसरीतला एक जण ओरडला, “मॅडम, तुमच्या पदराले बी लागली!” मग हात धुवायला नेले, तर साबण लागताच हळद लालभडक झाली. मुलांना वाटले रक्त आले! हळदीला चुना लावला की कुंकू होते, तसेच हे, असे समजावता समजावता तास संपला. पुढच्या वेळी हळदीऐवजी रांगोळीचा निळा रंग घेतला. नुसत्या पाण्याने तो तेलकट रंग हलत नाही, साबणाने निघतो, पण नखांच्या कडेला आणि अंगठ्याच्या बेचक्यात उरतोच. तो उरलेला रंग मुले स्वतः शोधतात आणि एकमेकांना दाखवतात. मला बोलावेच लागत नाही.

पण फेसाचे काय? आमचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतले पाणीच खारट. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येता येत नाही. ‘भरपूर फेस येईपर्यंत घासा’ असे त्या नाटकात सांगितले होते. आमची मुले घासून घासून कंटाळली आणि आपल्याला हात धुताच येत नाहीत, असे समजून बसली. आता योजनेचे गोडे पाणी येते त्या दिवशी आम्ही एक टाकी भरून ठेवतो, हात धुण्यापुरती. फेस मोजण्याऐवजी वीसपर्यंत आकडे म्हणायचे, असे ठरवले. पहिलीच्या मुलांचा पाढाही त्यात होऊन जातो. बाहेरगावच्या कलाकारांनी नाटक बसवण्याआधी त्या गावचे पाणी एकदा हातावर घेऊन पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरे नाटक जंताचे. चौथीतली एक मुलगी काळी ओढणी अंगाला गुंडाळून सरपटत येते आणि विचारते, “मी याच्या पोटात कसा शिरू?” मुले वाटा सांगतात, ती एकेक वाट धरून पाहते. न धुतलेले गाजर, नखातली माती, उघड्यावर बसून आलेला माणूस. वाट अडवायची असेल तर कुणीतरी उठून मध्ये उभे राहायचे आणि आपण काय करणार ते बोलायचे. १० फेब्रुवारीला जंतनाशक दिनाची गोळी मुले चावून खातात, पण गोळीने पोटातले जंत पडले तरी मातीतली अंडी मातीतच राहतात. हे मी फळ्यावर लिहून दोन वर्षे सांगितले होते. ओढणीतली मुलगी गोळीनंतर मेल्यासारखी पडली आणि दोन मिनिटांनी पुन्हा मातीतून उठली, तेव्हा ते वर्गाला समजले.

याच नाटकात एकदा अंकुशकृमीची गोष्ट आली. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि पुढे आतड्यात बसून रक्त शोषते. चप्पल घातली की वाट अडली, असे मुलांनी सांगितले. तेवढ्यात दुसरीतला एक मुलगा उभा राहिला. “मॅडम, माही चप्पल तुटली. बाबा म्हणते, कापूस निघाला का घेऊ. तवरक मी काय करू?” सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीपुढे मी तो प्रश्न त्याच्याच शब्दांत ठेवला. अकरा मुलांना चपला मिळाल्या. हा प्रश्न टाळ्यांच्या कार्यक्रमात कधीच आला नसता, कारण तिथे मुलाला बोलायला जागाच नसते.

पथनाट्ये बंद करा, असे माझे म्हणणे अजिबात नाही. आमच्या मुलांना रडण्याइतके भारावून टाकणारी ती ताकद आमच्यात कुठून येणार? पण वर्षातून एकदा येऊन जाण्यापेक्षा त्या कलाकारांनी आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांना आणि चौथीच्या मुलांना दोन दिवस शिकवावे. त्यातला अर्धा दिवस केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, सहज काढता येईल. प्रयोग खिचडीच्या दहा मिनिटे आधी आणि नळाच्या ओट्यापाशीच ठेवावा. आणि साबणासाठी शाळेला वेगळे, थोडेच का होईना, पैसे मिळावेत. एकोणचाळीस मुलांना एक वडी जेमतेम चार दिवस पुरते. त्यानंतर साबण शिक्षकाच्या खिशातून येतो, नाहीतर येतच नाही. ग्रामपंचायतींनी हा खर्च उचलायला हरकत नसावी.

आमच्याकडे आता रोज जेवणाआधी चौथीतली दोन मुले ओट्यावर उभी राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारतात. उत्तर दिल्याशिवाय ताट नाही. मागच्या आठवड्यात मी मोजले, तीन मुले हात न धुता सुटली होती. तिघेही पहिलीतले. नळ त्यांच्या हाताला पोहोचत नाही, म्हणून आता तिथे दोन विटा ठेवल्या आहेत.

येत्या शनिवारी संध्याकाळी मुले हेच नाटक मारुतीच्या पारावर करणार आहेत, आयांसाठी. तिकीट म्हणून घरटी साबणाची एक वडी मागितली आहे.

आपली,
एक शिक्षिका, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला