बैलजोडी, डी.एड. आणि तुझा प्रश्न

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारचं तुझं बोलणं मी मनाला लावून घेतलं नाही, असं पप्पांना सांगितलंय. पण लागलंय. "आई, तुझ्याकडे एवढी सर्टिफिकिटं आहेत, तुला काय मिळालं?" असं म्हणून तू फोन ठेवलास. मी झेरॉक्स-फॉर्मच्या आपल्या दुकानात तशीच बसून राहिले. समोरच्या गिऱ्हाइकाला आधारची झेरॉक्स पाहिजे होती, त्याला मी भलत्याच बाईच्या कार्डाची काढून दिली.

फोनवर आपलं जमत नाही. तू तोडून बोलतेस, मी लांबण लावते. म्हणून लिहितेय. लांबण आहेच, पण सवडीनं वाच.

मला काय मिळालं ते आधी सांगते, कारण तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे. बारावीला मला ७८ टक्के होते. २००४ साली लग्न होऊन इथं आले, पुढच्या वर्षी तू. त्या काळात आपल्या भागात 'डी.एड. झालेली मुलगी पाहिजे' असं सोयरिकीत उघड बोलायचे. गावातल्या गुरुजींचं घर स्लॅबचं होतं, बाकी सगळी पत्र्याची. आबांनी ते बघितलं होतं. सून मास्तरीण होणार म्हणून त्यांनी बैलजोडी विकली आणि माझं डोनेशन भरलं. बैल विकले त्या दिवशी आबा जेवले नाहीत, हे मला आजीनं फार उशिरा सांगितलं. तू एक वर्षाची होतीस, तुला आजीजवळ ठेवून मी सकाळच्या एस.टी.नं कॉलेजला जायची. २००८ ला पास झाले. (आता सगळे डिग्री-डिग्री म्हणतात. डी.एड. ही पदवी नव्हतीच, पदविका. पदवी मी नंतर मुक्त विद्यापीठातून घेतली, बी.ए., तुझा पाचवीचा अभ्यास घेता घेता.)

२०१० ला शिक्षणसेवकाची, म्हणजे सुरुवातीला मानधनावर घेतात त्या शिक्षकाच्या नोकरीची, सीईटी झाली. चार मार्कांनी गेली. म्हटलं पुढच्या भरतीत होईल. २०१२ च्या मे महिन्यात सरकारनं शिक्षकभरतीच बंद केली. मग टीईटी आली, शिक्षक पात्रता परीक्षा. डिसेंबर २०१३ च्या पहिल्या परीक्षेत नापास झाले, पुढच्या खेपेला पास. ते सर्टिफिकेट सात वर्षं चालणार होतं. सात वर्षांत नोकरी नाही मिळाली तर परत परीक्षा. मग २०२१ ला ते आजन्म चालेल असं जाहीर झालं. सर्टिफिकेट आजन्म झालं, नोकरी राहिली. मधे २०१७ ची अभियोग्यता चाचणी दिली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव टाकलं, यादीत आलं नाही. आणि एवढ्या सगळ्या वर्षांत एका खासगी शाळेत मी साडेतीन हजारांवर शिकवत होते. सही दहा हजारांवर करायची, हातात साडेतीन घ्यायचे.

हा झाला हिशेब. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं.

आता दुकानातून काय दिसतं ते ऐक. २०२३ च्या पावसाळ्यात तलाठ्याची भरती निघाली. ४,६४४ जागा. फॉर्म आले दहा लाखांच्या वर. खुल्या गटाची फी १,००० रुपये, राखीवची ९००. माझ्या दुकानापुढं रात्री दहापर्यंत रांग असायची आणि तुझ्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची फी त्याच महिन्यात भरली गेली, हे तुला कधी सांगितलं नाही. पुढं सामान्यीकरण की काय, वेगवेगळ्या पाळ्यांच्या पेपरांचे मार्क सारख्या मापात आणायच्या त्या भानगडीत दोनशेच्या पेपराला दोनशे चौदा मार्क पडलेले निकाल आले. त्या दिवशी दुकानात पोरं हसत होती, पण ते हसू काही बरं नव्हतं. मग २०२४ ला पोलीस भरती. १७,४७१ जागा, सतरा लाखांच्या घरात अर्ज. त्याला बारावी पास लागतं. माझ्याकडे बी.ई. झालेल्यांनी भरले, एम.एस्सी. झालेल्यांनी भरले. एक जण शिक्षणाच्या रकान्यात खालचंच लिहा म्हणाला, लाज वाटते म्हणून.

आणि गंमत बघ. २०२५ च्या सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. झालं. पंधरा-वीस वर्षं नोकरीत असलेले, पक्के, हप्त्यावर फ्लॅट घेतलेले गुरुजी माझ्या दुकानात फॉर्म भरायला आले. बावन्न वर्षांचे एक सर बाकावर बसून मला विचारत होते, "ताई, तुम्ही पास झाला होतात ना? बालमानसशास्त्राला काय वाचलंत?" मी त्यांना माझ्या जुन्या नोट्स दिल्या. तो निकाल बरोबर की चूक यात मी पडत नाही. पण ज्या खुर्चीसाठी आबांनी बैल विकले, त्या खुर्चीवर बसलेला माणूस घाबरून माझ्यापुढं बसला होता. माझा चहा गार झाला त्या दिवशी.

बातम्यांत तू तो आकडा ऐकला असशील. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालातला: आपल्या देशात पदवीधर तरुणांत २९.१ टक्के बेकार आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांत फक्त ३.४. तुझी मैत्रीण म्हणाली ना, म्हणजे न शिकलेलंच बरं? तिला आपल्या तांड्यावर घेऊन ये दिवाळीनंतर. एकही माणूस बेकार नाही. सगळे कोयता घेऊन ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला कारखान्याला गेलेले, लेकरंबाळं घेऊन. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फिटेपर्यंत त्यांना बेकार बसणं परवडतच नाही. बेकार राहायला सुद्धा घरात कुणीतरी भाकरी घालणारं लागतं. मी आठ वर्षं वाट बघू शकले ती पप्पांच्या सोयाबीनवर.

तर माझं चुकलं कुठं, यावर मी खूप विचार केलाय. डी.एड. काही वाईट नव्हतं. तुला वाचायला मी शिकवलं ते तिथंच शिकून. आज दुकानात अडलेल्या माणसाला न चिडता फॉर्म समजावते, तेही तिथलंच. चुकलं ते हे, की त्या कागदाला गिऱ्हाईक एकच होतं. सरकार. त्या एका गिऱ्हाइकानं दुकान बंद केलं आणि जिल्ह्यातल्या हजारो पोरी दारात उभ्या राहिल्या. माझं कॉलेज होतं तिथं आता मंगल कार्यालय आहे. परवा लग्नाला गेले होते, जिथं फळा होता तिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या.

शेजारच्या पोराचं बघ. आय.टी.आय. इलेक्ट्रिशियन. आधी मोटार रिवाइंडिंग करायचा, अख्ख्या शिवारातल्या पाण्याच्या मोटारी त्याच्याकडे. मग महावितरणची विद्युत सहाय्यकाची जागा निघाली, लागला. तीन वर्षं मानधनावर, मग तंत्रज्ञ. नसता लागला तरी मोटारी जळायच्या थांबल्या नसत्या. त्याच्या कामाला दहा गिऱ्हाइकं आहेत. (पावसात खांबावर चढतो तेव्हा त्याची आई दारातच उभी असते, हेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील मला आय.टी.आय.ला घालतेय.) आणि भावकीतला आपला मेकॅनिकलचा बी.ई. चाकणला आहे, ठेकेदाराकडे. कायम करावं लागू नये म्हणून दोनशे चाळीस दिवस भरायच्या आत ब्रेक देतात, मग नवा ठेकेदार, गेट तेच. पगार येतो, पण स्थिर म्हणायची त्याला हिंमत होत नाही. त्याची आई सोयरिकीत 'कंपनीत आहे' एवढंच सांगते.

आता तुझं. केमिस्ट्री घेतलीस तेव्हा मी काहीच म्हटलं नव्हतं, मनात मात्र मोजत होते. औषध कंपनीची लॅब, पाणी तपासणारी लॅब, दूध संघ, वाळूज-शेंद्र्यातले कारखाने, बी.एड. केलंस तर शाळा. आणि मामाचं तुला माहीतच आहे. बी.एस्सी. होऊन साखर कारखान्यात लागला तेव्हा हंगामी होता. गाळप सुरू झालं की रसाचा ब्रिक्स आणि पोल काढायचा, म्हणजे रसात साखर किती ते तपासायचं, हंगाम संपून पट्टा पडला की घरी. सहा वर्षं तसं गेलं. मग मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा कोर्स करून आला आणि कायम झाला. तेव्हा पदवीनं त्याला फक्त लॅबच्या दारातून आत घेतलं, पुढं त्यानंच ओढलं.

म्हणून शेवटच्या सेमिस्टरला "डिग्रीत काही नाही" म्हणून पुण्याला जायचं बोलतेस, ते मला पटत नाही. तू सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणार. कर. तुझ्यात तेवढी अक्कल आणि जिद्द आहे, हे मी आई म्हणून नाही, सात वर्षं अशी पोरं बघणारी बाई म्हणून सांगते. पण नीट बघ, तूही परत एकाच गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहायला निघालीस. जाहिरात कधी येईल, किती जागांची येईल, कोर्टात अडकेल का, यातलं काहीच तुझ्या हातात नाही. माझ्या वेळी मला हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं बहुतेक.

माझं म्हणणं असं. परीक्षा दे. प्रॅक्टिकल बुडवू नकोस. मामाच्या ओळखीचे एक जण औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहेत, ते म्हणाले मुलाखतीला पहिला प्रश्न एकच, एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन, चालवता येतं का. तुमच्या कॉलेजचं मशीन बंद असतं म्हणालीस. मग कुठं शिकता येईल ते शोध, त्याचे पैसे मी देते. क्लासला म्हणून बाजूला ठेवलेले चाळीस हजार आहेत, तेच. एक वर्ष लॅबमध्ये काम कर, पगार बारा हजार का असेना. हातात स्वतःचे पैसे आले की मग अभ्यासाला बस, आणि किती वर्षं बसायचं ते बसायच्या आधी कागदावर लिही. मी लिहिलं नव्हतं.

नाहीच पटलं तर पुण्याला जा. पैसे तरीही तुझेच आहेत, अडवणार नाही. आबांनी माझ्याकडे बैलांचा हिशेब कधी मागितला नाही, मीही तुझ्याकडे मागणार नाही.

आबा गोठ्यात बसलेत, तुला विचारतात. गुडघा दुखतोच. मामा शनिवारी तिकडं येतोय, त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे देते. डबा परत पाठव, मागचे दोन तिकडेच आहेत.

आणि फॉर्म भरायचाच असेल तर बाहेर कुठं भरू नकोस, इथं मीच भरते. तुझी सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं करून नीट फोटो काढून पाठव. मागच्या वेळी स्कॉलरशिपला सही इतकी पुसट आली होती की दोनदा रिजेक्ट झाली.

तुझी,
आई