आधी तुझी ट्यूब तपास

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने शरीराची प्रतिक्रिया बेलगाम झालेल्या) रुग्णांत तुला वेगळे न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) दिसताहेत, हे वाचून फार आनंद झाला. पण नवी जात म्हणण्याआधी एवढं बघ : ते वेगळेपण रुग्णाच्या रक्तातलंच आहे, की रक्त हाताळताना आलं?

फिकॉलचंच घे, म्हणजे ज्या द्रवावर रक्त ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की पेशी घनतेनुसार थर धरतात. त्याची घनता १.०७७ ग्रॅम प्रति मिलिलिटर. निरोगी न्यूट्रोफिल त्याहून जड, म्हणून तांबड्या पेशींसोबत तळाशी जातात. वरच्या पांढुरक्या थरात लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या इतर पांढऱ्या पेशी उरतात. ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या) रुग्णांत याच थरात न्यूट्रोफिल असल्याची नोंद १९८६ सालची आहे. सेप्सिसमध्येही ते दिसतात. त्यातले काही अपक्व, अस्थिमज्जेतून घाईने बाहेर आलेले. काही पक्वच, पण आतले कण ओकून हलके झालेले. म्हणजे तो थर ही एक जात नव्हे. सीडी१० (पेशीच्या पृष्ठभागावरचं ओळखखुणेचं प्रथिन; पुढचे सीडीही तसेच) ओळखणारी अँटिबॉडी लावलीस तर दोन्ही वेगळे होतील : पक्व पेशींवर ते प्रथिन असतं, अपक्वांवर नसतं.

गोची अशी की रक्त बराच वेळ पडून राहिलं, गार-गरम झालं किंवा व्होर्टेक्सवर (नळी गरगर हलवणाऱ्या यंत्रावर) फिरवलं, तर निरोगी माणसाचे न्यूट्रोफिलही चेतवले जाऊन वर तरंगतात. म्हणून दोन तासांच्या आत काम सुरू कर. सगळं खोलीच्या तापमानाला. सेंट्रिफ्यूज ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक बंद, नाहीतर थर ढवळतात. निरोगी माणसाचं रक्तही त्याच वेळी घे आणि तेवढंच थांबव. गोठवलेल्या नमुन्यांवर हे करूच नकोस, वितळवताना न्यूट्रोफिल टिकत नाहीत.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातला, दाह पेटवणारा घटक) टोचलं, तेव्हा काही तासांतच रक्तात न्यूट्रोफिलचे तीन गट दिसले. सीडी१६ कमी असलेले बँड सेल (केंद्रक अजून पट्टीसारखं असलेले अपक्व), नेहमीचे पक्व, आणि सीडी१६ भरपूर पण सीडी६२एल कमी असलेले, केंद्रकाचे जास्त खंड पडलेले. २०१२ साली त्यांनी दाखवलं की हा तिसरा गट टी पेशींना (प्रतिकार करणाऱ्या लिम्फोसाइटना) दाबतो. एकाच दाहात एक न्यूट्रोफिल जंतू गिळतो, दुसरा प्रतिकारालाच लगाम घालतो! मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

पण सीडी६२एल फार नाजूक. पेशी जरा चेतवली की ते कापून पडतं, म्हणजे तुझ्या पिपेटनेही हा 'तिसरा गट' तयार होऊ शकतो. सीडी१६सुद्धा मरू लागलेल्या पेशींवरून उतरतं. जुन्या रक्तात त्या बँड सेलसारख्या वाटतात. इओसिनोफिल या वेगळ्या पांढऱ्या पेशींवर तर न्यूट्रोफिलसारखंच सीडी६६बी असतं आणि सीडी१६ जवळपास नसतंच. त्यांच्यावरच्या सिग्लेक-८ या प्रथिनाची अँटिबॉडी लावून ते आधी बाजूला काढ.

फ्लो सायटोमेट्रीसाठी (लेझरने एकेका पेशीवरच्या खुणा मोजण्यासाठी) फिकॉल टाळ. थोडं रक्त घेऊन थेट अँटिबॉडी लाव, तांबड्या पेशी नंतर फोड. आणि प्रत्येक नमुन्याची एक स्लाइड रंगवून ठेव. बँड केंद्रक, आक्रसलेलं मृत केंद्रक आणि जास्तीचे खंड हे तिन्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघून ओळखता येतात, नेहमीच्या फ्लो मशीनला ते जमत नाही.

पुढच्या पत्रात गेटिंगचे (पेशींचे गट कसे निवडलेस त्याचे) आलेख पाठव. निरोगी रक्ताचेही.

तुझाच,
अनिरुद्ध