माझ्या आईची परीक्षा घेण्यापूर्वी: अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन सेवेच्या संचालकांना खुले पत्र

माननीय संचालक महोदय,
सविनय नमस्कार.

माझी आई 78 वर्षांची आहे. दहा वर्षांपूर्वी ती ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला आमच्याकडे राहायला आली आणि गेली चार वर्षे तिला स्मृतिभ्रंश आहे. सकाळी उठल्याबरोबर ती ‘कराग्रे वसते लक्ष्मी’ न अडखळता म्हणते. मात्र पाच मिनिटांपूर्वी चहा घेतला की नाही, हे तिला सांगता येत नाही.

ज्यांना शारीरिक, मानसिक किंवा बौद्धिक विकारामुळे इंग्रजी आणि नागरिकशास्त्र शिकणेच शक्य नाही, त्यांना नागरिकत्वाच्या परीक्षेतून सूट देण्याची तरतूद 1994 मध्ये कायद्यात आली. ही सूट मिळवण्यासाठी एन-648 हा वैद्यकीय प्रमाणपत्राचा फॉर्म डॉक्टरांनी भरायचा असतो. वयाच्या सवलती आईच्या उपयोगाच्या नाहीत, कारण त्यांना कायम वास्तव्याची किमान 15 वर्षे लागतात आणि ती भरली तरी सुटते ती इंग्रजीची अट, नागरिकशास्त्राची नव्हे. त्यातच, 20 ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांना 128 प्रश्नांपैकी 20 विचारले जातात आणि 12 उत्तरे बरोबर यावी लागतात. पूर्वी 10 पैकी 6 पुरत असत.

आमच्या पहिल्या डॉक्टरांनी फॉर्मवर आजाराचे नाव आणि ‘विस्मरण तीव्र’ एवढेच लिहिले. वकिलांनी ते पाहताच सांगितले की एवढ्यावर भागणार नाही. आजारामुळे शिकणे का थांबते, हा दुवा स्पष्ट लिहिलेला हवा. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला तीन साधे शब्द सांगितले, थोड्या वेळाने ते विचारले आणि तिला एकही आठवला नाही, हे जसेच्या तसे नोंदवले. खोट्या प्रमाणपत्रांना आळा घालण्यासाठी तपासणी कडक असावी, हे मला मान्य आहे. परंतु गरजू माणसाचा अर्ज डॉक्टरांच्या अपुऱ्या वाक्यामुळे अडू नये, म्हणून फॉर्मसोबत अशा नोंदींचे नमुने द्यावेत, आणि प्रमाणपत्र नाकारल्यास नेमका कोणता दुवा सापडला नाही, हे अर्जदाराला साध्या भाषेत लेखी कळवावे, अशी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती मला अधिक महत्त्वाची वाटते. स्मृतिभ्रंशात जुन्या सवयी आणि रीतभात बराच काळ टिकून राहते, म्हणून पंधरा मिनिटांच्या भेटीत असा माणूस अगदी ठीक वाटू शकतो. निदान डॉक्टरांनी केलेले असताना अधिकाऱ्यांनी चेहऱ्यावरून वेगळा अंदाज बांधू नये.

आईची मुलाखत अजून व्हायची आहे. ती अधिकाऱ्यांना हात जोडून नमस्कार करील, हसेल आणि बहुधा ‘जेवूनच जा’ असा आग्रहही करील. त्या आग्रहावरून तिला परीक्षा देता येईल, असे कृपया कोणी समजू नये.

आपली नम्र,
एक मुलगी, न्यू जर्सी