टेबलावरच्या डागाबद्दल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत होतीस, म्हणून जास्त बोललो नाही. रात्री तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. कुकरच्या बुडाएवढा पांढरा गोल आहे आणि खिडकीकडच्या बाजूला तपकिरी कोर. हे दोन्ही डाग वेगळे आहेत, बाळा. पांढरा डाग लाकडात नाहीच. उष्णतेनं पॉलिश मऊ पडलं आणि वाफेचा दमटपणा त्यात अडकला. कोर आहे तिथे मात्र लाकूडच करपलंय.

सगळं घासून वर पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखं पॉलिश) मारून देतो म्हणणाऱ्याला नको सांग. आजोबांनी हे टेबल सागवानाचं केलं आणि लाखेचं पॉलिश स्वतःच्या हातानं चढवलं. आपल्याकडे गोंदियाच्या बाजूला पळसावर लाखेचा किडा धरतात, त्याच लाखेचा हा चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. तो स्पिरिटमध्ये विरघळतो, त्यामुळे नवा हात जुन्या थरात मुरून एकजीव होतो. पीयूचं तसं नाही. त्यावर डाग पडला तर एवढाच तुकडा दुरुस्त करणं फार कठीण.

खात्री करून घे. मागच्या पायाच्या आतल्या अंगाला स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकव. चिकट लागलं तर लाखच आहे.

पाऊस थांबेपर्यंत कशालाही हात लावू नकोस. दमट हवेत लाख पांढुरकी पडते. नवरात्रानंतर कोरड्या दिवशी मऊ सुती कापड स्पिरिटमध्ये बुडवून घट्ट पिळ. नुसता गारवा जाणवेल इतकंच ओलं हवं. पांढऱ्या गोलावरून हलक्या हातानं, कुठेही न थांबता फिरव. थांबलीस की खालचं पॉलिश कापडाला धरून निघतं. डाग विरत जाताना दिसेल. खिडक्या उघड्या ठेव, आणि गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नको.

कोरीसाठी थोडा धीर लागेल. तिथलं पॉलिश काढून करपलेला भाग काचेच्या सरळ कडेनं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं खरवड. हातात जाड मोजा घाल. फळी भरीव आहे म्हणून हे जमेल. प्लायवर चिकटवलेल्या पातळ पापुद्र्यावर असं करायला गेलीस तर आरपार जाशील. एकाच जागी खोल जाऊ नकोस, नाहीतर खड्डा पडेल आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात रोज दिसेल. मग 180, 220, 320 नंबरचा काचकागद, रेषांच्याच दिशेनं. थोडी सावळी छटा राहिली तर राहू दे.

पॉलिशसाठी अर्धा लिटर स्पिरिटात 100 ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजव. लोखंडी डब्यात ठेवलास तर काळवंडतो. सकाळी फडक्यातून गाळ. आजोबा जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून बोळा करायचे आणि दर वेळी तो आधी मनगटावर टेकवून बघायचे. ओल उमटली की बोळा पुन्हा पिळायचे. मनगट कोरडं, फक्त गार लागलं की टेबलावर. मी शेजारी उभा राहून हे इतक्यांदा पाहिलंय, की स्पिरिटचा वास आला की अजूनही मला त्यांचं ते मनगटच दिसतं. हात लांब मारायचा, शेवटी इंग्रजी आठासारखा फिरवायचा. पातळ हात देऊन वाळू द्यायचं, मग पुढचा. एका दिवसात तीन-चार हात पुरे. आठवडाभर तरी टेबल वापरू नकोस.

तू कुकर ठेवलास यात चूक एवढीच, की खाली काही घातलं नाहीस. माझ्या हातूनही याच टेबलावर गरम इस्त्री टेकली होती. त्याच्या डाव्या कोपऱ्यात नीट पाहिलंस तर आजोबांनी बुजवलेली जागा सापडेल.

सोबत पाव किलो चपडा पाठवतोय. पाकीट उन्हात किंवा ओट्याजवळ ठेवू नकोस, ऊब लागली की सगळ्याचा एक गोळा होतो.

तुझे,
बाबा